आधी बाळ बघा, मग सुई: कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्रशिक्षणाचं प्रकरण

मुलगी अडीच वर्षं ओलांडलेली. बोलत नाही म्हणून घरच्यांनी कोल्हापूरला दाखवायला आणली. बेरा तपासणीत (आवाजाला मेंदू दाद देतो का, हे मशिनीवर बघण्याची तपासणी) निघालं की दोन्ही कानांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. आईने माता-बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपलं होतं. लसी सगळ्या वेळेवर झालेल्या. आणि नवव्या महिन्याच्या नोंदीत, आवाजाच्या दिशेने मान वळवण्यापुढे, बरोबरची खूण.

ओळख पटू नये म्हणून गाव आणि आरोग्य केंद्राचं नाव देत नाही, काही तपशीलही बदलले आहेत. पट्टा पंचगंगेच्या काठचा, उसाचा, एवढं पुरे.

या मुलीला यंत्रणेने पाहिलंच नाही, असं कुणी म्हणू शकत नाही. जन्म दवाखान्यात झाला. पहिल्या बेचाळीस दिवसांत आशाताई ठरल्याप्रमाणे घरी येऊन गेल्या. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी, नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, दीड वर्षाच्या सुमाराला बूस्टर. २०१८ पासून तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधराव्या महिन्याला आशाताईंनी घरी जायचं असतं, त्या भेटीही कार्डावर होत्या. २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, तिनेही या मुलीचं वजन-उंची घेतली होती. एवढ्या हातांखालून ऐकू न येणारं मूल निघून गेलं, आणि त्यातला एकही हात कामचुकार नव्हता.

केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी आमच्याकडे, म्हणजे बालविकास तपासणी शिकवणाऱ्या गटाकडे, प्रशिक्षण मागितलं. बालविकास तपासणीचं प्रशिक्षण त्यांच्याकडे आधीच्या वर्षी झालेलं होतं. सभागृह, पडद्यावर चित्रं, दुपारी जेवण, शेवटी परीक्षा. उत्तरपत्रिका त्यांनी जपून ठेवल्या होत्या, त्या आम्ही वाचल्या. बहुतेकींना चांगले गुण होते. मान कधी धरते, आधाराशिवाय कधी बसतं, चिमटीत वस्तू कधी पकडतं, सगळं पाठ. म्हणून पुन्हा तेच शिकवायला जाण्याआधी एका लसीकरणाच्या दिवशी नुसतं बसून पाहायचं ठरवलं.

अंगणवाडीच्या खोलीत सतरंजी टाकलेली, मागे खिचडीचं पातेलं. आशाताईंच्या हातात ड्यू लिस्ट, म्हणजे लस द्यायच्या बाळांची यादी. सिस्टर टेबलाशी, शेजारी लसींचा डबा. आई बाळाला घेऊन येते, नाव सांगते, वजन होतं, सुई टोचली जाते, बाळ टाहो फोडतं, आणि मग कार्ड उघडलं जातं.

“बसतंय का?”

“व्हय.”

“धरून उभारतंय?”

“व्हय.”

“आवाज दिला की बघतंय?”

“बघतंय की.”

तीन खुणा. पुढचं बाळ.

प्रश्न असा विचारला की उत्तर ‘होय’च येतं. मागे रांग, कडेवर रडतं लेकरू, शेजारी सासू किंवा जाऊ. अशा वेळी कुठली आई म्हणेल की नाही बाई, माझं बाळ वळत नाही? आणि ती खोटं बोलत नसते. ऐकू न येणारं बाळ डोळ्यांनी फार सावध असतं. समोरून कुणी आलं, सावली हलली, जमिनीवर पाय आपटला, की ते वळतं. ताट पडलं की बघते, असं या मुलीची आजी ठामपणे सांगायची. शहाबादी फरशीवर पडलेल्या ताटाचा हादरा अंगाला कळतो, हे तिला कुणी सांगितलं असणार? शिवाय अशी बाळं पहिले काही महिने इतरांसारखेच ‘आ’, ‘ऊ’ असे आवाज काढतात. ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ मात्र लागत नाही किंवा फार उशिरा लागते. नवव्या-दहाव्या महिन्याला नेमकं हेच ऐकायचं असतं. रडणाऱ्या बाळाकडून ते ऐकू येत नाही.

म्हणजे ज्ञान होतं, विकास तपासण्याचा तक्ता होता, कार्डावर जागाही होती. चूक होती ती कामाच्या क्रमात. सुई आधी, तपासणी नंतर. टोचलेलं बाळ कुणाचाच खुळखुळा पकडत नाही, म्हणून पाहण्याची जागा विचारण्याने घेतली आणि विचारण्याचं होता होता नुसतं खुणा करणं झालं.

दुसरी गोष्ट आम्हाला तिथेच दिसली, ती उपयोगाची निघाली. लस दिल्यावर बाळाला अर्धा तास थांबवून ठेवायचा नियम आहे, लगेच काही त्रास झाला तर कळावं म्हणून. हा अर्धा तास आया गप्पा मारत, मोबाईल बघत काढत होत्या. बोलायला यापेक्षा चांगला वेळ सरकारी दवाखान्यात मिळत नाही. तेव्हा आमच्या प्रशिक्षणाचा सगळा आराखडा त्या सतरंजीवरच ठरला. सुईच्या आधी पाच मिनिटं पाहायचं, सुईनंतरच्या अर्ध्या तासात बोलायचं.

तक्ता आम्ही बदलला नाही. त्रिवेंद्रमच्या बालविकास केंद्रात डॉ. एम. के. सी. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला, १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला सतरा कलमांचा तक्ता अशा कामाला पुरतो. त्याची कलमं बडोद्याच्या मुलांवर बसवलेल्या प्रमाणकांतून निवडलेली आहेत. प्रत्येक कलमापुढे एक आडवी पट्टी असते. डावं टोक म्हणजे शंभरातली तीन मुलं ते करू लागतात ते वय, उजवं टोक म्हणजे सत्त्याण्णव करू लागतात ते. बाळाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. जी पट्टी पेन्सिलीच्या डावीकडेच संपली ते कलम बाळाला यायलाच हवं. आलं नाही, तर पुढे पाठवायचं. पाच-सात मिनिटांचं काम, अंगणवाडीताईही करू शकतात.

पण पेन्सिल कुठे धरायची, इथेच निम्मा घोटाळा होतो. आपल्याकडे वय सांगताना चालू महिना सांगतात. “दहावा लागलाय” म्हणजे नऊ पूर्ण झालेत, दहा नाही. एक महिना उजवीकडे सरकली की चांगलं बाळही नापास होतं. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांचं तर आणखी वेगळं. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आठ आठवडे आधी आलेलं असतं. ते नऊ महिन्यांचं झालं तरी विकास मोजताना सातच धरायचे, आणि हा हिशेब दोन वर्षांचं होईपर्यंत ठेवायचा. लस मात्र जन्मतारखेवरच द्यायची. एकाच टेबलावर एकाच बाळाची दोन वयं सांभाळायची म्हणजे सिस्टरांची तारांबळ होणारच. त्यावर उपाय अगदी साधा निघाला. मुदतीआधीच्या बाळाच्या कार्डावर पहिल्याच भेटीत लाल पेनने वजा करायचे आठवडे लिहून ठेवायचे. दर वेळी नव्याने आठवायला नको.

प्रत्यक्ष प्रशिक्षण म्हणून जे झालं त्यात भाषण फार थोडं होतं. लसीकरणाच्या दिवशी, त्याच खोलीत, खऱ्या बाळांवर. दोघी-दोघींची जोडी: एक तपासणार, दुसरी न बोलता आपल्या कागदावर लिहिणार, मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. जिथे जुळले नाहीत तिथेच शिकवायचं. वैद्यकीय अधिकारी मॅडमही जोडीत बसल्या, आणि एका आशाताईंचा कागद त्यांच्या कागदापेक्षा बरोबर निघाला तेव्हा खोलीतला ताण जरा उतरला.

सामान पिशवीत मावेल एवढं. लाल लोकरीचा गोंडा, घंटी, चेंडू, बाहुली, लाकडी ठोकळे, आणि चिमटीसाठी चुरमुरे. कोल्हापुरात चुरमुरे म्हटल्यावर कुणीतरी भडंग आणणारच, तसं ते आणलंही गेलं. ते मोठ्यांनी संपवलं. बाळाला बिनफोडणीचा एकच चुरमुरा, चिमटीत उचलला की लगेच काढून घ्यायचा, तोंडात जाऊ द्यायचा नाही.

घंटीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. बाळ आईच्या मांडीवर, तोंड पुढे. एक ताई समोर बसून गोंडा हलवते, बाळाचं लक्ष धरते, मग गोंडा मुठीत झाकते आणि गप्प राहते. त्याच क्षणी दुसरीने मागून, बाळाच्या नजरेबाहेर, कानाच्या उंचीवर, हात-दीड हातावरून घंटी हळू वाजवायची. वाचायला सोपं वाटतं. करताना पहिल्या फेरीत झालं असं: मागची ताई खिडकीच्या बाजूने आली, तिची सावली भिंतीवर पडली, बाळ वळलं, ‘ऐकतंय’ म्हणून खूण झाली. दुसऱ्या जोडीत मागच्या सिस्टरच्या बांगड्या घंटीच्या आधीच वाजल्या. तिसऱ्या जोडीत समोरची ताई घंटी वाजताच स्वतःच मागे बघू लागली आणि बाळ तिच्या नजरेमागे वळलं. आईनेही मांडीवरून नकळत वळवलं एकदा. ही प्रत्येक चूक ऐकू न येणाऱ्या बाळाला पास करणारी. पडद्यावरच्या चित्रांतून हे शिकवता येत नाही, कारण चित्रात सावली पडत नाही.

आणि एवढं सगळं नीट करूनही घंटी म्हणजे कानाची तपासणी नव्हे, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. एका कानाचा किंवा फक्त बारीक आवाजांचा दोष घंटीला सापडत नाही. आई म्हणाली की मला शंका वाटते, तर घंटीला वळलेलं बाळही मशिनीवर तपासायला पाठवायचं. जन्मल्यापासून महिन्याच्या आत कान तपासणं, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचार सुरू, असं जगभर मानलेलं वेळापत्रक आहे. आपण नवव्या महिन्याला घंटी वाजवतोय म्हणजे आधीच उशीर झालेला आहे.

तक्त्याच्या मर्यादाही झाकून ठेवल्या नाहीत. सतरा कलमांत हातापायांच्या हालचाली भरपूर, बोलणं आणि माणसांत मिसळणं थोडं. मूल वेळेवर बसतं, चालतं, चढतं, पण बोटाने काही दाखवत नाही, हाक मारली तर बघत नाही, आपलं खेळणं आणून कुणाला दाखवत नाही. असं मूल हा तक्ता आरामात पार करतं. म्हणून दीड वर्षाच्या बूस्टरला तीन प्रश्न जास्तीचे घातले, आणि तेही ‘होय-नाही’चे ठेवले नाहीत. “दाखवतं का?” असं नाही, तर “काय हवं असलं की कसं सांगतं?” असं. पहिल्याला ‘व्हय’ मिळतं. दुसऱ्याला आई सांगते, “हात धरून फडताळाकडं वडत नेतंय.” या एका वाक्यात खूण करण्याजोगं बरंच असतं.

शहरातल्या खासगी बालरोगतज्ज्ञांसाठी वेगळी संध्याकाळ ठेवली होती. तिथलं वातावरण निराळं. सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि वेळ कुणाकडेच नव्हता. ओपीडीत ताप-खोकल्याची गर्दी, त्यात विकास कधी बघणार, हा प्रश्न रास्तच आहे. त्यावर तोडगा म्हणून सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठीची स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका ओळखणारी वीस प्रश्नांची एम-चॅट प्रश्नावली बाहेर बाकावरच आईवडिलांच्या हातात द्यायची असं ठरलं. धोक्याची उत्तरं दोनपर्यंत असतील तर चिंता कमी, तीन ते सात आली तर त्याच प्रश्नांवर पुढची मुलाखत, आठ किंवा त्याहून जास्त आली तर थेट पुढे पाठवायचं. डॉक्टरांचा वेळ जातो तो फक्त मधल्या गटावर. पण माझं मत विचाराल तर खासगीतली खरी अडचण वेळेची नाही. “बघू सहा महिन्यांनी” हे वाक्य आईवडिलांना आवडतं, आणि डॉक्टरलाही ते बोलायला सोपं पडतं. सोबत एखादं टॉनिक लिहून दिलं की सगळ्यांचं समाधान. मेंदू सगळ्यात लवचिक असतो तेच सहा महिने त्यात जातात.

आता बोलण्याकडे येतो, कारण पाठवलेली मुलं पोचतच नव्हती.

नवा क्रम सुरू झाल्यावर रजिस्टरमध्ये न आलेल्या कलमांपुढे फुल्या दिसू लागल्या, चिठ्ठ्या लिहिल्या जाऊ लागल्या, आणि चिठ्ठ्या घरातल्या देवळीत पडून राहिल्या. कोल्हापूरला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी, गाडीभाडं, आणि घरातल्या मोठ्यांची परवानगी. यातली परवानगी सगळ्यात महाग. म्हणून त्या अर्ध्या तासाचं बोलणं आम्ही नाटक करून शिकवलं. एका अंगणवाडीताईंनी सासूचं काम घेतलं आणि असं काही रंगवलं की बाकीच्या ताईंनी टाळ्याच वाजवल्या.

“आमच्या घरात समदी उशिराच बोलत्यात. हिचा बा चार वर्सांचा हुईस्तवर मुका हुता. आता बघा, समद्या गावाचं डोस्कं खातोय.”

यावर पहिल्या सिस्टरने उत्तर दिलं, “असं नसतं आजी, लक्षण बरं नाही, सीपीआरला न्या.” (सीपीआर म्हणजे कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय.) सासू उठून गेली. खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं की खरी सासूही अशीच उठून जाते.

दुसऱ्या सिस्टरने वेगळं केलं. ती आधी खाली सतरंजीवर बसली. “आजी, नातीची नजर लई भारी हाय. गोंडा दिला तर झटक्यात घेतला. पण मी मागनं दोनदा घंटी वाजवली, तवा वळली न्हाई. कान एकदा मशिनीवर बघून घेऊया. सुई न्हाई, दुखत न्हाई, पोर झोपल्यावरच करत्यात. येत्या बुधवारी आशाताई जाणार हाईत, त्यांच्याबरोबरच जावा.”

सासू जरा थांबून म्हणाली, “आनी बुधवारी न्हाई जमलं तर?” म्हणजे जायचं ठरलं.

या उत्तरात काय काय आहे ते आम्ही फळ्यावर लिहून काढलं. बाळाला काय येतं ते आधी, आणि ते खरं. काय पाहिलं ते जसंच्या तसं, रोगाचं नाव न घेता. तपासणी कशी असते. कधी, कुणाबरोबर. ‘मतिमंद’, ‘दोष’ असे शब्द खोलीबाहेर ठेवायचे, आणि “काही नाही हो, होईल सगळं नीट” हेही. बाप उशिरा बोलला असेल, त्यावर वाद घालायचा नाही. बापाचे कान चांगले होते, नातीचे बघून घेऊ, एवढंच म्हणायचं.

फुल्या वाढल्या तशी दुसरीकडून हाक आली. मासिक बैठकीत वरून विचारणा झाली की तुमच्याच केंद्रात एवढी मुलं अशी कशी निघाली. शेजारच्या केंद्रांचे रकाने स्वच्छ होते. प्रकरणातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे चांगलं प्रशिक्षणही मोडून पडतं. रिकामा रकाना म्हणजे चांगलं काम, असं जिथे वाचलं जातं तिथे शहाणी सिस्टर दोन महिन्यांत पुन्हा खुणा करायला लागते. मॅडमनी बैठकीत अडीच वर्षांच्या त्या मुलीचं कार्ड दाखवलं, नवव्या महिन्याच्या खुणेसकट. पुढे विचारणा झाली नाही.

तरीही फुल्या जरा जास्तच होत होत्या, हे खरं होतं. नव्या नजरेला सगळीकडेच उशीर दिसतो. झोपाळलेलं, भुकेलं, परक्याला बुजणारं बाळ नापास होत होतं. म्हणून दोन वाटा केल्या. नुसतं एखादं हालचालीचं कलम राहिलं असेल तर घरी काय खेळायचं ते दाखवून चार आठवड्यांनी पुन्हा बघायचं. पण काही गोष्टींना चार आठवडे नाहीत. ऐकण्याची किंवा दिसण्याची शंका, झटके, वर्षाच्या आतच एक हात सोडून दुसराच वापरणं, आणि येत असलेली गोष्ट बंद होणं. शेवटच्या प्रकारात एक बाळ लवकर सापडलं. हसायचं थांबलेलं, मलूल, बोटांची पेरं काळवंडलेली, अंगावरच्या दुधाशिवाय काही न घेणारं, आई शुद्ध शाकाहारी. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता निघाली. उपचारांनी बाळ सावरलं. सिस्टरांच्या मनात तपासणीबद्दल विश्वास बसला तो अशा बाळांमुळे, आमच्या बोलण्यामुळे नव्हे.

दोन गोष्टी सुटलेल्या नाहीत. शिकलेल्या सिस्टरची बदली होते आणि नवीन येते ती पुन्हा सुई आधी टोचते. मॅडमनी त्यावर इतकंच केलं आहे की नव्या सिस्टरने पहिली काही सत्रं जुन्या आशाताईंच्या जोडीला बसायचं. पदाने हे उलटं आहे आणि सुरुवातीला कुरकुर होते.

दुसरी गोष्ट ऊसतोड टोळ्यांची. दिवाळीच्या मागेपुढे कोप्या (टोळ्यांच्या झोपड्या) पडतात, कारखाने बंद झाले की टोळ्या बीडकडे, धाराशिवकडे परत. बरीच मुलं कार्डाशिवाय येतात. जन्मतारीख विचारली तर “पाडव्याच्या आदल्या दिशी”, “पोळा झाला आन् दुसऱ्या हप्त्यात” अशी मिळते. आता पिशवीत मागच्या तीन वर्षांचं सणांचं कॅलेंडर ठेवलेलं असतं, त्यावरून पेन्सिलीची जागा ठरते. तपासणी फडावर करायची तर पहाटे, टोळी निघण्याआधी; मुकादमाला आदल्या दिवशी सांगून ठेवलं तरच जमतं. पण संशयित मूल मार्चमध्ये निघून गेलं की पुढे काय? वेगळी चिठ्ठी वाटेत हरवते. म्हणून सध्या काय पाहिलं, काय आलं नाही, पुढची तारीख आणि त्यांच्या तालुक्याच्या रुग्णालयाचं नाव हे सगळं माता-बाल कार्डाच्याच मधल्या पानावर लिहितात, कार्ड नसेल तर नवं देऊन. आणि मुकादमाच्या वहीत त्या नवरा-बायकोच्या जोडीच्या उचलीशेजारी (आगाऊ घेतलेल्या पैशांच्या नोंदीशेजारी) मुलाचं नाव टाकून घेतात, कारण ती वही कुणी हरवत नाही.